आरोग्य-विचारणा : आर्जिनिनच्या पावडरीने ताठरता परत येते का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच पावडरीच्या आसपासची आहेत. रावेर, शहादा, धुळे आणि भुसावळ इथून ती आली असून चौघांनीही नाव न छापण्याची विनंती केली आहे. पत्रांतला मजकूर थोडा आवरता घेऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ५१ असून रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. आठ वर्षांपासून साखरेचा त्रास आहे, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे आणि तंबाखू-चुन्याची सवय आहे. दीड वर्षापासून संबंधाच्या वेळी पुरेशी ताठरता येत नाही आणि आली तरी टिकत नाही. जळगावला जिममध्ये जाणाऱ्या पुतण्याने एल-आर्जिनिनचा डबा आणून दिला आहे. डब्यावरचे नाव वाचले तेव्हा आठवले, की सूनबाईला सातव्या महिन्यात दिलेल्या पुड्यांवरही हेच नाव होते. गर्भारपणात बाईला द्यायचे औषध पुरुषाच्या या तक्रारीवर कसे चालेल? घ्यायचेच झाले तर किती दिवस घ्यावे?

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर दिले की निम्मा विषय उलगडतो. दोन्हीकडे पदार्थ एकच आहे. आर्जिनिन हे प्रथिनांच्या घडणीतले एक अमिनो आम्ल असून त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल करतो आणि वाहिनी रुंदावते. गर्भाची वाढ कमी पडते आहे किंवा गर्भजल कमी आहे असे दिसले, तर वारेकडे जाणारे रक्त वाढावे या अपेक्षेने स्त्रीरोगतज्ज्ञ ते पुडे लिहून देतात. पुतण्याची अपेक्षाही तीच आहे, फक्त अवयव वेगळा आहे.

त्या अवयवात घडते ते असे. लिंगाच्या आत स्पंजासारखे दोन लांबट भाग असतात आणि एरवी त्यांच्यातले स्नायू आवळलेले असल्यामुळे तिथे रक्त बेताचेच येते. इच्छा उत्पन्न झाली की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, तो स्नायूंच्या पेशींत सीजीएमपी नावाचे द्रव्य वाढवतो, स्नायू सैल पडतात, रक्त भरते आणि भरलेल्या रक्ताच्या दाबानेच बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते आत टिकून राहते. काम झाल्यावर पीडीई-५ नावाचे एन्झाइम सीजीएमपी मोडून टाकते आणि सारे पूर्ववत होते. सिल्डेनाफिलची (म्हणजे व्हायग्राची) गोळी ही शेवटची मोडतोड रोखते, तर आर्जिनिन सगळ्यात पहिल्या पायरीला कच्चा माल पुरवते. दोघांची वाट एकच असली तरी दोघांचा जोर सारखा नाही, आणि जाहिरातीत नेमकी हीच गोष्ट झाकलेली असते.

कच्चा माल म्हटल्यावर आपल्या भागात जिनिंग आठवणे साहजिक आहे. जिनिंगमध्ये कापूस आत जातो, एका बाजूने रुई निघते आणि दुसऱ्या बाजूने सरकी. आर्जिनिन हा कापूस धरा, नायट्रिक ऑक्साइड ही रुई, आणि सरकीच्या जागी सिट्रुलिन नावाचे दुसरे अमिनो आम्ल ठेवा. सरकी पेरली की पुन्हा कापूस येतो, त्याप्रमाणे शरीर सिट्रुलिनपासून पुन्हा आर्जिनिन बनवते. (दरवर्षी बियाण्याचे पाकीट विकत आणणाऱ्याला ही उपमा जुनी वाटेल, पण शरीर अजून घरचेच बियाणे वापरते.) आता समजा, आवारात कापसाच्या गाड्या ओळीने उभ्या आहेत आणि रुई मात्र निघत नाही. अशा वेळी आणखी दहा गाड्या मागवणारा मालक शहाणा म्हणावा का? आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवणारे, म्हणजे इथले जिनिंगचे यंत्र, हेही एक एन्झाइमच आहे. रक्तात एरवी असणारे आर्जिनिन हे त्या एन्झाइमच्या गरजेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, त्यामुळे हिशेबाने पाहिले तर वरून घेतलेल्या पावडरीचा काहीच उपयोग व्हायला नको. तरीही काही जणांना तो होतो, आणि या कोड्याला शास्त्रज्ञ ‘आर्जिनिनचा विरोधाभास’ म्हणतात. त्याचे एक स्पष्टीकरण असे, की आर्जिनिनसारखेच दिसणारे एडीएमए नावाचे द्रव्य काहींच्या रक्तात वाढलेले असते आणि ते एन्झाइमची जागा अडवून बसते. आर्जिनिन भरपूर आले की ते बाजूला सारले जाते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे आजार असलेल्यांत हे एडीएमए जास्त आढळते.

मग तुम्हाला मधुमेह आहे म्हणजे पावडर लागू पडेल, असा निष्कर्ष मात्र काढू नका, कारण साखर इतरही बिघाड करते. वाढलेल्या साखरेमुळे रक्तवाहिनीच्या अस्तरात जे क्षोभक ऑक्सिजन-कण तयार होतात, ते नायट्रिक ऑक्साइड निर्माण होताच त्याला गिळतात, म्हणजे रुई निघते पण गाठीपर्यंत पोचण्याआधीच जळून जाते. आर्जिनेज नावाचे एक एन्झाइम आर्जिनिनला भलतीकडे वळवून त्याचा युरिया करते आणि मधुमेह्यांच्या लिंगातील ऊतींत ते जास्त सक्रिय असल्याचे आढळले आहे. शिवाय ज्या मज्जातंतूंनी पहिला इशारा द्यायचा, तेच बरीच वर्षे राहिलेल्या साखरेने बधिर होतात. तंबाखूचा वाटा वेगळाच: निकोटिन वाहिन्या आवळते आणि अस्तर खराब करते. तंबाखूची गोळी चघळली काय आणि बिडी ओढली काय, वाहिनीला त्यात फारसा फरक पडत नाही.

प्रत्यक्ष माणसांवरच्या चाचण्या पाहिल्या तर चित्र मिश्र आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पुरुषांना रोज ५ ग्रॅम आर्जिनिन सहा आठवडे दिले. आर्जिनिन घेणाऱ्या २९ जणांपैकी ९ जणांना फरक जाणवला आणि दिसायला तशीच पण औषध नसलेली पावडर घेणाऱ्या १७ जणांपैकी २ जणांना. फरक पडलेल्या नऊही जणांच्या लघवीत नायट्रिक ऑक्साइडचे अवशेष सुरुवातीला कमी होते, म्हणजे ज्याच्याकडे कापसाचीच तूट होती त्यालाच गाडीचा उपयोग झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चाचणीत ३२ पुरुषांना रोज दीड ग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा खऱ्या आणि खोट्या औषधात काही फरक दिसला नाही. पुढे २०१९ मध्ये अशा १० चाचण्या आणि त्यांतले ५४० रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा दीड ते पाच ग्रॅम आर्जिनिनचा सौम्य ते मध्यम तक्रारीत फायदा होतो असे निघाले. त्यांपैकी काही चाचण्यांत आर्जिनिनच्या जोडीला दुसरेही घटक होते, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचायला हवा. माझे मत असे, की आर्जिनिन निरुपयोगी नाही, पण त्याचा उपयोग थोडा, थोड्यांना आणि तक्रार थोडी असतानाच होतो.

तुमच्या बाबतीत माझी काळजी पावडरीपेक्षा वेगळी आहे. लिंगाला रक्त नेणाऱ्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात आणि हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. बागेत ठिबक करणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही: क्षार साचू लागले की आधी ड्रिपर आणि नळी तुंबते, मेन पाइप शेवटी. म्हणून पन्नाशीतल्या मधुमेही माणसाची ताठरता कमी झाली की हृदयाकडे पाहावे लागते, कारण छातीत दुखू लागण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच ही तक्रार सुरू झालेली अनेकदा आढळते. माझ्याकडे असे रुग्ण ओपीडीच्या अगदी शेवटी येतात, दार नीट लागले आहे ना ते पाहतात आणि म्हणतात, ‘मन्हा आंगमा ताकद नही ऱ्हायनी’. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा पिशवीतून निघतो. त्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते. कायद्याने ते छापावेच लागते. मी तेवढी ओळ त्यांना मोठ्याने वाचायला सांगतो.

तेव्हा आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), चरबीची तपासणी, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन, ईसीजी आणि सकाळच्या वेळी काढलेले टेस्टोस्टेरॉन एवढे करून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. मात्र गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घेता येते का ते विचारा. तंबाखू सोडणे आणि चालणे हा सल्ला तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल, पण दर आठवड्याला चार वेळा, चाळीस-चाळीस मिनिटे दम लागेल असा व्यायाम सहा महिने केला तर ताठरता सुधारते असे पुराव्यांचा आढावा सांगतो, आणि बागेत बांधावरून फिरणे त्या व्यायामात धरलेले नाही. हृदय ठीक निघाले आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर आर्जिनिन सहा आठवडे घेऊन पाहता येईल. एका वेळी जास्त घेतल्यास मळमळ आणि जुलाब होतात आणि रक्तदाबाच्या गोळीबरोबर दाब आणखी उतरू शकतो, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत दाब मोजत राहा. सहा आठवड्यांत काही जाणवले नाही, तर दुसरा डबा आणू नका. तुमच्यासारख्या रुग्णाला डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेतलेल्या सिल्डेनाफिलचा उपयोग जास्त भरवशाचा आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

प्रश्न : शहादा भागात आमचे टरबुजाचे शेत आहे. टरबुजात सिट्रुलिन असते म्हणून ते ‘नैसर्गिक व्हायग्रा’ आहे, असे मोबाइलवर फिरते. शेंगदाण्यांबद्दलही तेच ऐकले. यात तथ्य किती?

उत्तर : सिट्रुलिन हे नावच टरबुजावरून पडले आहे, कारण १९१४ मध्ये जपानी संशोधकांनी ते प्रथम टरबुजाच्या रसातून वेगळे काढले आणि टरबुजाचे लॅटिन नाव सिट्रुलस आहे. लाल गरात आणि पांढऱ्या सालीत मिळून किलोमागे साधारण एक ते दोन ग्रॅम सिट्रुलिन असते. सिट्रुलिनच्या चाचणीत (ती पुढच्या उत्तरात येईल) वापरलेला दीड ग्रॅमचा डोस टरबुजातून मिळवायचा तर रोज किलोभर खावे लागेल आणि त्याबरोबर साठ ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाईल. ज्याला ही तक्रार साखरेमुळेच झाली आहे, त्याने तर हा उपाय करूच नये. बाकीच्यांनी टरबूज आवडते म्हणून खावे.

शेंगदाण्यांचे म्हणाल तर शंभर ग्रॅम दाण्यांत तीन ग्रॅमच्या आसपास आर्जिनिन असते. तीळ आणि उडीद यांतही ते चांगले असते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, दाण्याचा ठेचा आणि वाटीभर डाळ असे जेवणाऱ्या खानदेशी माणसाच्या पोटात रोज चार-पाच ग्रॅम आर्जिनिन सहज जाते, शिवाय शरीर ते स्वतःही बनवते. म्हणूनच बहुतेकांना ‘कमतरता’ नसते. केळ्यात मात्र ते नावापुरतेच आहे, ही बातमी रावेर-यावलच्या वाचकांनी मनावर घेऊ नये.

बीट, पालक आणि मेथी यांचा मार्ग निराळा आहे. त्यांतल्या नायट्रेटचे तोंडातले जिवाणू नायट्राइट करतात आणि त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतो. रोज जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरणाऱ्याचे हे जिवाणूच मरतात, म्हणून तो विनाकारण वापरू नये.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून धुळ्यात नोकरी करतो. चार महिन्यांपूर्वी लग्न झाले. पहिल्या रात्रीपासूनच ऐन वेळी ताठरता जाते. पहाटे झोपेत मात्र चांगली येते. आर्जिनिनपेक्षा सिट्रुलिन चांगले असे वाचले. कोणते मागवू?

उत्तर : तुम्ही वाचले ते खरे आहे. तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा मोठा वाटा आतडे आणि यकृतच मोडून टाकतात. सिट्रुलिन यकृताला चकवून पुढे जाते आणि मूत्रपिंडात त्याचे आर्जिनिन होते, त्यामुळे ग्रॅमला ग्रॅम लावून पाहिले तर रक्तातले आर्जिनिन सिट्रुलिननेच जास्त वाढते आणि पोटही कमी बिघडते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत सौम्य तक्रार असलेल्या २४ पुरुषांनी एक महिना रोज दीड ग्रॅम सिट्रुलिन घेतले, तेव्हा १२ जणांची ताठरता पूर्ववत झाली. खोटे औषध घेतल्याच्या महिन्यात हीच सुधारणा दोघांत दिसली होती.

हे सगळे सांगूनही मी तुम्हाला ते मागवा असे म्हणणार नाही. पहाटे ताठरता येते याचा अर्थ तुमच्या वाहिन्या, मज्जातंतू आणि नायट्रिक ऑक्साइड आपापले काम चोख करत आहेत. कमी पडतो तो निवांतपणा. मन धास्तावले की शरीरात ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये सुटतात आणि ती नेमके उलट काम करतात, म्हणजे लिंगातले स्नायू आवळून धरतात. आजही फजिती होईल का, ही धास्ती घेऊन जो खोलीत जातो, त्याच्या रक्तात कितीही आर्जिनिन असले तरी उपयोग होत नाही. त्यात आपल्याकडे लग्नानंतर महिनाभर घर पाहुण्यांनी भरलेले असते, भिंतीपलीकडे आत्या झोपलेली असते आणि दोन महिने झाले की ‘काही गोड बातमी?’ सुरू होते. नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवा, की तीन-चार आठवडे समागमाचा प्रयत्नच करायचा नाही, फक्त जवळीक ठेवायची. पत्नीला तुमच्या धास्तीबद्दल मोकळेपणाने सांगा, कारण न सांगितल्यास ती आपण आवडत नाही असा अर्थ लावून बसते आणि हे मी दवाखान्यात वारंवार पाहिले आहे. एवढ्याने फरक पडला नाही तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ पाट्यांकडे मात्र जाऊ नये. संभोगशक्ती वाढवून देण्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या कायद्यानेच गुन्हा आहे, तरी पाट्या रंगवायचे काही थांबलेले नाही.

प्रश्न : माझे यजमान ६२ वर्षांचे असून रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. मागल्या वर्षी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली. छातीत भरून आले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. हल्ली ते कुरिअरने मागवलेली एक ‘हर्बल’ कॅप्सूल मला न सांगता घेतात. डबीवर आर्जिनिन, शिलाजित, सफेद मुसळी अशी नावे आहेत. बोलायचे कसे हेही कळत नाही. काही धोका आहे का?

उत्तर : ताई, धोका आहे आणि तो दोन प्रकारचा आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांना सहा महिने आर्जिनिन किंवा त्यासारखे दिसणारे खोटे औषध द्यायचे ठरले होते. आर्जिनिनचा डोस दिवसातून तीन वेळा तीन-तीन ग्रॅम होता. हृदयाला काही फायदा दिसला नाही, उलट आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले आणि दुसऱ्या गटात एकही नाही, तेव्हा ती चाचणी थांबवावी लागली. चाचणी लहान होती हे खरे, पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाने हे अमिनो आम्ल पूरक म्हणून घेऊ नये, असे मी त्यानंतर एकाही रुग्णाला सांगायचे सोडलेले नाही.

दुसरा धोका डबीवर न छापलेल्या पदार्थाचा आहे. अशा ‘हर्बल’ कॅप्सुलांत गुपचूप सिल्डेनाफिल किंवा त्याच जातीचे टाडालाफिल मिसळलेले असल्याचे प्रयोगशाळांच्या तपासणीत देशोदेशी पुन्हा पुन्हा सापडले आहे. कॅप्सूल घेतल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, डोके दुखणे आणि नाक चोंदणे ही त्याची खूण असू शकते. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट जातीचे औषध आहे आणि तेही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच सोडते. डायनामाइटमधले नायट्रोग्लिसरीन हृदयाच्या दुखण्यावर आल्फ्रेड नोबेलला सुचवले होते आणि ते वाहिन्या कसे सैल करते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये त्याच्याच नावाचे पारितोषिक मिळाले. एकीकडे सॉर्बिट्रेट हा वायू सोडते आहे आणि दुसरीकडे सिल्डेनाफिल त्याचा परिणाम ओसरू देत नाही, असे झाले की रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट द्यायचे नसते.

बोलायचे कसे, या तुमच्या प्रश्नावर सांगतो: डबी लपवू नका आणि फेकूही नका, कारण लपवली तर ते दुसरी मागवतील. ‘मला कळले आहे आणि मला राग नाही, पण सॉर्बिट्रेटबरोबर हे चालते का ते आपण हृदयरोगतज्ज्ञांना विचारू,’ एवढे बोलून डबी पिशवीत टाका आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. अँजिओप्लास्टीनंतर दोन जिने न थांबता चढता येत असतील, तर बहुतेकांना संबंध ठेवण्याची परवानगी मिळते. सॉर्बिट्रेटची गरज अजून का पडते हे तपासून ते बंद करता आले, तर ताठरतेसाठी रीतसर औषधाचाही विचार होऊ शकतो, आणि हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून कळले म्हणजे कुरिअरवाल्याची वाट पाहणे आपोआप कमी होईल. तोवर एक गोष्ट कराच. रात्री-अपरात्री छातीत दुखू लागले आणि दवाखान्यात न्यावे लागले, तर त्यांनी ही कॅप्सूल कधी घेतली हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना आत शिरताच, सॉर्बिट्रेट जिभेखाली जाण्याआधी सांगा. मुलगा किंवा सून शेजारी उभी असली तरी सांगा.